स्वभाव आणि छाटणी

वनस्पतीचा स्वभाव कशाला म्हणावे, हा प्रश्न तत्त्वचर्चेत बहुधा बीज आणि वृक्ष यांच्या उदाहरणाने मांडला जातो. परंतु बीजाऐवजी फांदीपासून वाढवलेला आणि केवळ रूपासाठी निवडून राखलेला वृक्ष समोर ठेवला, तर तोच प्रश्न अधिक कठीण होतो, कारण त्या वृक्षाचे दिसणारे रूप त्याचे स्वतःचे आहे की त्याला राखणाऱ्याच्या आवडीचे, हे सहज सांगता येत नाही. शीत प्रदेशांतील उद्यानांत शोभेसाठी लावले जाणारे स्प्रूस वृक्ष या विचाराला फार उपयोगी पडतात. स्प्रूस हा देवदार आणि चीड यांच्याच कुळातील सूचिपर्णी, म्हणजे सुईसारखी पाने असलेला, सदाहरित वृक्ष असून त्याच्या सुमारे ३५ जाती उत्तर गोलार्धाच्या थंड पट्ट्यात पसरलेल्या आहेत. पश्चिम हिमालयातही त्याची एक जाती वाढते आणि हिमाचल प्रदेशात तिला रई म्हणतात. ज्या देशांत वर्षातील पाच-सहा महिने बाकीची झाडे निष्पर्ण उभी असतात, तेथे अंगणातील हिरवेपणाचा भार या वृक्षावर पडतो, आणि म्हणून तेथील माळ्यांनी त्याची उंची, रंग आणि घडण यांकडे पिढ्यान्‌पिढ्या बारकाईने लक्ष दिले आहे.

यांपैकी एका वाणाचा इतिहास येथे मुद्दाम पाहण्यासारखा आहे. १९०४ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या अर्नोल्ड आर्बोरेटम या बॉस्टनमधील वृक्षसंग्रहाचे जॉन जॅक आणि आल्फ्रेड रेडर हे दोन वनस्पतिशास्त्रज्ञ कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, लेक लुईस सरोवराच्या परिसरात, हिंडत असताना त्यांना पांढऱ्या स्प्रूसची काही विलक्षण खुजी रोपे आढळली. पांढरा स्प्रूस हा न्यूफाउंडलंडपासून अलास्कापर्यंतच्या जंगलांचा एक मुख्य वृक्ष. तो सहज २० ते ३० मीटर उंच होतो. सापडलेल्या रोपांची घडण मात्र निराळी होती: पाने आखूड, मऊ आणि दाट, आकार कोणी कातरल्यासारखा नेमका शंकूचा, आणि वाढ वर्षाला जेमतेम ५ ते १० सेंटिमीटर. बालरोपाची पाने जन्मभर टिकवून धरणारा हा उत्परिवर्तित, म्हणजे आनुवंशिक द्रव्यातील आकस्मिक बदलातून उपजलेला, प्रकार ‘कोनिका’ या नावाने जगभरच्या शीत प्रदेशांत पोहोचला. त्याला सहसा फळशंकू धरत नाहीत, त्यामुळे त्याची संतती छाट कलमानेच, म्हणजे फांदीचा तुकडा मुळे फुटण्यासाठी लावूनच, होते. हापूस ज्याप्रमाणे कोयीतून जसाच्या तसा उतरत नाही आणि कलमाच्या रूपानेच बागेतून बागेत जातो, त्याप्रमाणे आजचा प्रत्येक कोनिका हा त्या डोंगरातील मूळ रोपांच्याच देहाचा विस्तार आहे.

या वाणाच्या संगोपनात एक प्रसंग ठरलेला असतो. अनेक वर्षे आज्ञाधारकपणे शंकू राखून असलेल्या झाडाच्या एखाद्या बाजूने अचानक लांब, राठ पानांची, सुटी सुटी वाढणारी फांदी बाहेर पडते आणि एकाच हंगामात बाकीच्या झाडाला मागे टाकते. उद्यानशास्त्रात यास मूळ रूपाकडे परतणे म्हणतात. त्या कळीतील पेशींचा खुजेपणा सुटलेला असतो आणि तेथून पांढरा स्प्रूस पुन्हा वाढू लागलेला असतो. ही फांदी जोमदार असल्यामुळे अन्न आणि प्रकाश दोन्ही ओढून घेते, आणि तशीच सोडली तर काही वर्षांत खुजे झाड तिच्या सावलीत विरळ होत जाते. म्हणून ती दिसताच उगमापाशी कापावी, असा सर्वत्र दिला जाणारा सल्ला आहे. सल्ला अचूक आहे. तथापि त्यामागे एक निवाडा गृहीत धरलेला आहे, आणि तो असा की या झाडाचे खरे रूप खुजे आहे व लांब फांदी ही त्यातील आगंतुक आहे. हा निवाडा उलटाही करता येईल, आणि प्राचीन ग्रीसमध्ये एका विचारवंताने तो नेमका उलटा केला होता.

ॲरिस्टॉटलने आपल्या ‘फिजिक्स’ या ग्रंथाच्या दुसऱ्या पुस्तकात आंटिफॉनचे एक उदाहरण दिले आहे. लाकडी पलंग जमिनीत पुरला आणि कुजणाऱ्या लाकडाला अंकुर फुटण्याचे सामर्थ्य आले, तर जे उगवेल ते लाकूड असेल, पलंग नव्हे. म्हणून वस्तूचा निसर्ग हा तिच्या द्रव्यात असतो आणि आकार हा वरून बसवलेला असतो, असे आंटिफॉनचे म्हणणे. त्याच्या बाजूने पाहिल्यास कोनिकाची परतलेली फांदी हा त्या काल्पनिक अंकुराचा प्रत्यक्ष अवतार ठरतो, कारण शंकूचा आकार गळून पडतो आणि खालचा अरण्यवृक्ष उघडा होतो. ॲरिस्टॉटलचे उत्तर असे की आकार, म्हणजे वस्तूला ती जी आहे ती करणारी घडण, हाच निसर्ग म्हणवून घेण्यास अधिक पात्र आहे. आणि त्यासाठी तो जी कसोटी देतो ती लक्षणीय आहे. माणसापासून माणूस जन्मतो, पलंगापासून पलंग जन्मत नाही. ही कसोटी कोनिकाला लावली, तर निकाल आंटिफॉनच्या विरुद्ध जातो, कारण कोनिकाच्या फांदीपासून कोनिकाच होतो, शंभर वर्षांहून अधिक काळ आणि असंख्य वेळा तसाच झाला आहे, आणि त्याचा आकार कोणा सुताराने बसवलेला नसून डोंगरात, माणसाच्या अपरोक्ष, आपोआप उपजलेला आहे. माळी येथे निर्माता नाही. तो एका आकस्मिक घटनेचा राखणदार आहे, आणि कर्तृत्वाचा दावा करण्यापूर्वी हा भेद त्याने मनात ठेवणे योग्य होय.

श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी जगाचे कारण शोधताना ज्या पक्षांची नावे घेतली आहेत, त्यांत काळ आणि नियती यांच्याबरोबर स्वभाव आणि यदृच्छा हीही आहेत. स्वभाव म्हणजे वस्तूचा अंगभूत धर्म, आणि यदृच्छा म्हणजे निव्वळ योगायोग. दोन्ही पक्ष तेथे वेगळे मोजले आहेत. कोनिकाच्या बाबतीत ते वेगळे राहत नाहीत, कारण एका योगायोगाने जे घडले तेच पुढे प्रत्येक कलमाचा अंगभूत धर्म होऊन बसले, आणि दुसऱ्या योगायोगाने तो धर्म एखाद्या फांदीपुरता सुटलाही. नागार्जुनाने ‘मूलमध्यमककारिके’त स्वभावाची जी परीक्षा केली आहे, तिच्यापुढे तर दोन्ही दावे टिकत नाहीत. खऱ्या अर्थाने स्वभाव असेल तर तो दुसऱ्या कशावर अवलंबून असणार नाही आणि कधी पालटणार नाही, ही त्याची अट आहे. खुजेपणा पालटतो, हे फांदीने दाखवले आहे, आणि पांढऱ्या स्प्रूसची उंचीही पालटते, हे कोनिकाच्या जन्मानेच सिद्ध केले आहे. म्हणून ‘खरे’ रूप असे कोणतेच नाही, असे माध्यमिक मताचा अभ्यासक म्हणेल, आणि रूपापुरते त्याचे म्हणणे मान्य करावे लागेल.

नीलवर्णी स्प्रूसच्या लागवडीत हाच मुद्दा अधिक सूक्ष्म होतो. अमेरिकेच्या रॉकी पर्वतातील कोलोराडो स्प्रूसचा निळा रंग हा पानाच्या पृष्ठभागावरील मेणाच्या पातळ लेपामुळे दिसतो. बी पेरले असता काही रोपे हिरवी, काही राखाडी आणि थोडी गडद निळी निघतात, आणि त्यांतील उत्तम निळ्या झाडांची काडी घेऊन ती बहुधा नॉर्वे स्प्रूसच्या खुंटावर, म्हणजे मुळे पुरवणाऱ्या दुसऱ्या रोपावर, बांधतात. अशा कलमांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते: काडी झाडाच्या बाजूच्या फांदीवरून घेतली असेल, तर ती नव्या खुंटावर बसल्यावरही काही वर्षे आडवीच वाढते, जणू ती अद्याप फांदीच आहे, आणि तिला काठीचा आधार देऊन, शेंडा वर बांधून, हळूहळू उभे राहण्यास लावावे लागते. आनुवंशिक द्रव्य शेंड्याच्या काडीचे आणि बाजूच्या काडीचे एकच असते. तरी वृक्षातील जुनी जागा ती काडी बरोबर घेऊन येते. द्रव्य हाच निसर्ग म्हणणाऱ्याला आणि आकार हाच निसर्ग म्हणणाऱ्याला, दोघांनाही, हे उदाहरण अडचणीचे आहे, कारण येथे द्रव्यही तेच, अंतिम आकारही तोच, आणि तरी मधल्या काळात झाडाचे वागणे त्याच्या पूर्वस्थानाने ठरते.

अशा वृक्षाचे एकत्वही संशयात पडते. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला सांगतो की जीव एका फांदीला सोडून गेला तर ती फांदी वाळते, सर्व वृक्षाला सोडून गेला तर सर्व वृक्ष वाळतो. या मांडणीत जीव एक आहे आणि फांद्या त्याच्या आहेत. कापलेली फांदी दुसऱ्या देशात मूळ धरते तेव्हा जीव कोठे असतो, हा प्रश्न तेथे उपस्थित झालेला नाही. ॲरिस्टॉटलने मात्र तो ओळखला होता, आणि वनस्पतीतील आत्मा प्रत्यक्षात एक पण शक्यतेच्या पातळीवर अनेक असतो, असे उत्तर दिले होते. स्वीडनच्या दालार्ना प्रांतातील फुलुफ्येलेट डोंगरावर उभ्या असलेल्या एका नॉर्वे स्प्रूसच्या बुंध्याखालील जुन्या लाकडाचे वय रेडिओकार्बन पद्धतीने सुमारे ९,५५० वर्षे भरले, आणि त्याचे आजचे खोड त्या मानाने अगदी अलीकडचे आहे. बर्फाच्या भाराने जमिनीला टेकलेल्या फांद्यांना मुळे फुटत जाऊन, आणि मुळांपासून नवे खोड उठत जाऊन, वृक्ष स्वतःच स्वतःची कलमे करत आला आहे. तेव्हा कलम करणे ही माणसाने स्प्रूसवर लादलेली परकी रीत आहे, असा आक्षेप या वृक्षापुरता तरी टिकत नाही.

परंतु रूप आणि एकत्व यांबाबत निश्चित काही हाती लागले नाही, म्हणून स्वभाव हा शब्दच निरर्थक ठरवणे घाईचे होईल. वृक्ष कसा दिसतो याहून वेगळा असा एक प्रश्न आहे, आणि तो म्हणजे वृक्षाला जगण्यासाठी काय लागते. येथे कोनिका आणि त्याच्या अंगावरील परतलेली फांदी यांच्यात भांडण नाही. दोघांनाही नेमके तेच हवे असते.

त्या गरजांत पहिली गरज थंडीची आहे, आणि उष्ण प्रदेशातील वाचकाला ती सर्वांत अपरिचित वाटेल. उत्तरेकडील स्प्रूसला थंडी केवळ सोसते असे नाही. तिच्यासाठी तो महिनोन्‌महिने तयारी करतो. उन्हाळा सरताना दिवस लहान होऊ लागले, की वाढ थांबते आणि कळ्या मिटतात; पुढे पहिली हिमे पडू लागली, की पेशींतील पाणी हळूहळू पेशींबाहेरच्या पोकळ्यांत जाते, जेणेकरून बर्फ तेथे जमावा आणि पेशीच्या आतील रचना फुटू नये. या क्रमाने सिद्ध झालेला पांढरा स्प्रूस उणे ४० अंश सेल्सिअसच्या खालीही जिवंत राहतो. तोच वृक्ष ऐन उन्हाळ्यात उणे १० अंशांत सापडला, तर त्याची कोवळी वाढ जळून जाईल. म्हणजे त्याची सहनशक्ती हा त्याच्या ठायी सदैव असलेला गुण नव्हे. ती दरवर्षी नव्याने, ठरावीक क्रमाने आणि ठरावीक संकेतांवर, कमवावी लागते. जाणता माळी उन्हाळ्याच्या उत्तरार्धात नत्रयुक्त खत देत नाही, ते यासाठीच: त्या वेळी फुटलेली कोवळी वाढ झाडाला बळकट करत नाही, उलट विसाव्याला जाण्यापासून रोखते. स्नेहापोटी दिलेले अन्नही अवेळी दिले तर घात करते, हे या झाडाइतके स्पष्टपणे क्वचितच दुसरीकडे दिसेल.

दुसरी गरज पाण्याची, आणि तिचा कठीण काळ उन्हाळ्यात नसून हिवाळ्याच्या अखेरीस, फेब्रुवारी-मार्चमध्ये, येतो. ऊन तीव्र होते, वारा कोरडा असतो आणि दक्षिण-पश्चिमेकडील पाने तापून बाष्प सोडू लागतात. जमीन मात्र अजून गोठलेली असल्यामुळे मुळे पाणी ओढू शकत नाहीत, आणि एक संपूर्ण बाजू तपकिरी पडते. थंडीने जळाले असे लोक म्हणतात, वस्तुतः ते तहानेने वाळलेले असते. उपाय आधी, शरद ऋतूत, करायचा असतो: जमीन गोठण्यापूर्वी तिला खोलवर पाणी देणे, बुंध्याला न चिकटवता सभोवार लाकडाच्या ढलप्यांचे आच्छादन घालणे, आणि उघड्या जागेतील लहान झाडाच्या वाऱ्याकडील बाजूस खुंट्यांवर गोणपाटाचा आडोसा उभारणे. कोनिका घराच्या दक्षिण भिंतीलगत लावू नये, कारण तापलेली भिंत उन्हाचा मारा दुप्पट करते आणि तेथे स्प्रूसवरची कोळी कीडही बळावते. ही कीड वसंत आणि शरद यांच्या थंड दिवसांत वाढते, आणि फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटकली असता धावणारे बारीक ठिपके दिसतात. पाण्याचा जोरदार फवारा वरचेवर मारणे हा तिच्यावरचा साधा आणि बऱ्यापैकी गुणकारी उपाय आहे.

या सर्व कामांचे स्वरूप लक्षात घेतले, तर त्यांत आज्ञा देण्याचा भाग थोडा आणि ऐकण्याचा फार मोठा आहे, असे दिसते. नागार्जुनाच्या तर्काने परमार्थतः स्वभाव नसेलही. पण त्यानेच परमार्थसत्य आणि व्यवहारसत्य असे दोन स्तर मानले आहेत, आणि मार्चमधील तहान ही व्यवहाराच्या स्तरावर पूर्ण खरी आहे. म्हणून या लेखाची भूमिका अशी आहे की संगोपनाच्या नीतीत स्वभाव म्हणजे गरज. रूपाबद्दल माणसाला निवड करण्याची मुभा आहे, गरजेबद्दल नाही. जो खुजे झाड निवडतो, तो कोणताही अपराध करत नाही. मात्र आपल्या आवडीसाठी, स्वतःचे बीजही न धरणारा एक जीव त्याने आपल्या हातावर अवलंबून ठेवलेला असतो, आणि त्या अवलंबनातून जे कर्तव्य उत्पन्न होते ते त्याला नाकारता येत नाही.

राहिला कापण्याचा प्रश्न, आणि धर्मदृष्ट्या तोच सर्वांत गंभीर आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भरद्वाज शंका घेतो की जे पाहत नाहीत, ऐकत नाहीत, त्या वृक्षांना चेतन कसे मानावे. त्यावर भृगू उष्णतेने पाने म्लान होतात, वृक्ष मुळांनी पाणी पितात, त्यांना सुखदुःख होते आणि कापल्यावर ते पुन्हा फुटतात, अशी प्रमाणे देऊन त्यांच्यात जीव असल्याचे सांगतो. यांतील शेवटचे प्रमाण स्प्रूसच्या बाबतीत अर्धेच लागू पडते. वड, पिंपळ, कडुनिंब हे बुंध्यापर्यंत तोडले तरी पालवतात. स्प्रूसच्या फक्त अलीकडच्या, पाने असलेल्या वाढीवर जिवंत कळ्या असतात, आणि जुन्या, उघड्या लाकडापर्यंत कापलेली फांदी बहुधा पुन्हा फुटत नाही, तेथे पडलेली पोकळी कायमची राहते. भृगूचा वृक्ष माणसाची चूक भरून काढतो, स्प्रूस ती उघडी ठेवतो. म्हणून त्याच्यावर कात्री चालवणाऱ्याची जबाबदारी वडाची फांदी तोडणाऱ्यापेक्षा अधिक आहे.

जैन आचारशास्त्राने या ठिकाणी एक उपयुक्त भेद केला आहे. त्या दर्शनात वनस्पती हा एकेंद्रिय, म्हणजे केवळ स्पर्शाचे ज्ञान असलेला, जीव आहे. गृहस्थाला त्याची हिंसा सर्वथा टाळता येत नाही हे मान्य केलेले आहे, परंतु अनर्थदंडाचा, म्हणजे प्रयोजनाशिवाय केलेल्या हिंसेचा, त्याग त्याच्यासाठी व्रत म्हणून सांगितला आहे, आणि उगाच केलेले वनस्पतिच्छेदन त्यात मोडते. मग शोभा हे प्रयोजन आहे काय? कठोर उत्तर ‘नाही’ असे येईल, आणि त्या कठोरतेचा आदर केला पाहिजे. तरीही परतलेली फांदी बोटभर असताना काढणे, ज्यामुळे उरलेले झाड सावलीत मरण्यापासून वाचते, आणि सणाच्या सजावटीसाठी निरोगी झाड दरवर्षी चौकोनी कातरणे, ही दोन कृत्ये एका मापाने मोजता येत नाहीत. पहिल्यात एका जीवाच्या दोन वाढींपैकी एकीला राखणे आहे, दुसऱ्यात जीवाकडे पाहणेच थांबलेले आहे.

नाताळात कुंडीतील जिवंत कोनिका घरात आणण्याची पद्धत युरोप-अमेरिकेत रूढ आहे, आणि तोडलेल्या झाडापेक्षा ती सौम्य समजली जाते. हेतू निःसंशय चांगला आहे. परंतु हिवाळ्यासाठी सिद्ध झालेले झाड तापवलेल्या दिवाणखान्यात दोन-तीन आठवडे ठेवले, तर त्याची सुप्तावस्था, म्हणजे वाढ थांबवून घेतलेला विसावा, भंग पावू लागते, आणि मग ते उणे २० अंशांच्या अंगणात नेले की त्याने महिनोन्‌महिने कमावलेली सहनशक्ती त्याच्यापाशी उरलेली नसते. कुंडीतील मुळांना तर भोवतालच्या जमिनीचे संरक्षणही नसते, आणि मुळे खोडाइतकी थंडी कधीच सोसत नाहीत. ज्या सणाचा आशयच हिवाळ्यातील जीवनाचा गौरव हा आहे, त्यात असे झाड घरात थोडेच दिवस, खोलीच्या सर्वांत गार कोपऱ्यात, माती ओलसर राखून ठेवावे, आणि आत नेताना व बाहेर काढताना काही दिवस न तापवलेल्या, आडोशाच्या जागेत थांबवावे.

सर्वांत अवघड निर्णय मात्र दुर्लक्षित झाडाबाबत येतो. घर विकले जाते, माळी बदलतो, आणि दहा-बारा वर्षांनी नव्या मालकाला असा कोनिका मिळतो की ज्याच्या मधोमध पांढऱ्या स्प्रूसचे जाड खोड वर निघून गेले आहे आणि शंकूचा दाट भाग त्याच्या पायाशी एका बाजूला उरला आहे. आता ते खोड कापले, तर जखम मोठी होईल, पोकळी भरून येणार नाही, आणि इतकी वर्षे सावलीत विरळ झालेले खुजे अंग बहुधा सावरणार नाही. अशा वेळी कोनिकाचा आग्रह सोडणे योग्य होय. त्या वृक्षाने जे रूप घेतले आहे त्याला लागणारी जागा, चारी बाजूंना काही मीटर मोकळी जमीन, वीजतारा आणि छपरापासून अंतर, ही देता येत असेल तर ती द्यावी, आणि उरलेल्या खुज्या भागावरून काही निरोगी काड्या घेऊन छाट कलमे लावून ठेवावीत.